शनिवारी थांबणारा घाणा

बीडवर सूर्य मावळतो, त्यानंतर जेमतेम बारा मिनिटांनी तो अलिबागवर मावळतो. दोन्ही गावं जवळपास एकाच अक्षांशावर, एकोणीस अंशांच्या अलीकडे. त्यांच्या रेखांशांत फरक तीन अंशांना थोडा कमी, आणि पृथ्वी एक अंश फिरते ती चार मिनिटांत. संध्याकाळची ती लांबच लांब सावली परळीवरून बीडवर येते, नगर-पुण्याच्या माथ्यावरून सह्याद्री ओलांडते आणि कोकणच्या किनाऱ्याला भिडते. दर शुक्रवारी या सावलीबरोबर आणखी एक गोष्ट पश्चिमेकडे सरकत असते. ती म्हणजे जगभरच्या ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, शब्बाथ. शुक्रवारचा सूर्य मावळला की तो लागतो आणि शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसले की सुटतो. दिवस-रात्र सारखे असतात त्या मार्च-सप्टेंबरच्या दिवसांत तो जेरुसलेमला पोचतो, त्याच्या सुमारे पावणेतीन तास आधी आपल्या बीडवरून पुढे गेलेला असतो.

बीडमध्ये सिनॅगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, नाही. पाहायचं तर पुणे गाठावं लागतं. म्हणून आपल्याला वाटतं की हा सगळा मामला दूरदेशीचा. पण शब्बाथ पाळणारी, मराठी बोलणारी, ‘कर’ लावून आडनाव सांगणारी माणसं या सावलीच्या वाटेवर बारा मिनिटांच्या अंतरावर शेकडो वर्षं राहत आली आहेत. त्यांची गोष्ट मला महाराष्ट्राच्या इतिहासातली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट वाटते.

अलिबागच्या उत्तरेला नवगाव आहे. परंपरा सांगते की फार पूर्वी, इसवी सनाच्याही आधी, इथल्या किनाऱ्याजवळ एक जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना नवगावातच पुरलं. त्या जागा आजही दाखवतात, आणि १९८५ मध्ये तिथे स्मारक उभं राहिलं. जहाज नेमकं कधी फुटलं यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पण वाचलेल्यांकडे पोथ्या उरल्या नव्हत्या, हे या कथेतलं मर्म आहे. पुढच्या पिढ्या मराठी झाल्या. हिब्रू गेली, जवळजवळ सगळ्या प्रार्थना गेल्या, धर्मगुरू नव्हतेच. किहीमचे किहीमकर झाले, चौलचे चेऊलकर, दिवेआगरचे दिवेकर, झिराडचे झिराडकर, अष्टमीचे अष्टमकर. पोटासाठी त्यांनी तेलाचे घाणे चालवले.

शेजारच्या आगरी-कोळी-कुणब्यांना या माणसांचा देव कुठला, मूळ देश कुठला, यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना दिसायचं ते एवढंच, की शनिवारी यांचा घाणा बंद असतो. घाणा आठवड्यातून एक दिवस थांबवणं कोकणाला अगदीच परकं नव्हतं. सोमवारी घाणा न जुंपणारे हिंदू तेली होते, त्यांना सोमवार तेली म्हणत. मग हे झाले शनिवार तेली. जातींच्या उतरंडीत एक खण त्यांना मिळाला आणि त्या खणावर पाटी लागली ती त्यांच्या सुट्टीची.

माणसाला त्याच्या धंद्यावरून नाव पडतं, गावावरून पडतं. इथे एका समाजाला तो जे काम करत नाही त्यावरून नाव पडलं. आणि ते नाव शेजाऱ्यांनी ठेवलं होतं, त्यामुळे आठवण जपायचं अर्धं काम शेजाऱ्यांकडे गेलं. एखाद्या पिढीला शनिवारी घाणा जुंपायचा मोह झालाच असेल, तर अख्खा गाव विचारणार होता, ‘का हो, आज शनिवार ना?’ पोथी बुडू शकते, भाषा विसरू शकते. पण गावाच्या तोंडी बसलेलं नाव सहजासहजी पुसता येत नाही.

पुढे दावीद राहाबी नावाचा एक जाणकार ज्यू कोकणात आला, असं या समाजाची, म्हणजे बेने इस्राएलांची, परंपरा सांगते. हे लोक आपलेच आहेत का, हे त्याला पाहायचं होतं. बाळाची सुंता आठव्या दिवशी होते हे त्याला दिसलं, ‘शमा’ ही हिब्रू प्रार्थना त्यांच्या ओठांवर होती, शनिवार ते पाळत होते. मग त्याने घरातल्या बायकांपुढे मासळी ठेवली. त्यांनी खवले आणि पर असलेली मासळी तेवढी निवडली आणि बाकीची बाजूला सारली. ज्यू आहारनियम नेमका तोच आहे. राहाबी कधी आला याच्या तारखा वेगवेगळ्या सांगतात. मला त्या कथेत आवडतं ते हे, की परीक्षा कोळणीच्या पाटीतल्या मासळीची झाली आणि तीत बायका उत्तीर्ण झाल्या.

आता एक प्रश्न मनात यायलाच हवा. ज्यूंचा सातवा दिवस आणि आपला शनिवार हे एकाच दिवशी कसे काय येतात?

ज्यूंची मोजणी साधी आहे. सहा दिवस काम, सातवा विश्रांतीचा, पुन्हा एकपासून. ग्रहांचा तिथे संबंध नाही. आपल्या वारांची नावं मात्र ग्रहांची आहेत आणि त्यांचा क्रम पहिल्या नजरेला उगाचच वाटतो. शनीनंतर रवी का? रवीनंतर सोम का? याचं उत्तर पंचांगातल्या होऱ्यांत आहे. जुन्या ज्योतिषांनी ग्रह आकाशात किती मंद चालतात त्यावरून ओळीत लावले: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाच्या चोवीस तासांपैकी प्रत्येक तास एकेका ग्रहाला याच ओळीने वाटून दिला, आणि ज्याचा पहिला तास त्याचा तो वार. शनिवारचा पहिला तास शनीचा, आठवा, पंधरावा आणि बाविसावाही त्याचाच. तेविसावा गुरूचा, चोविसावा मंगळाचा. दुसऱ्या दिवसाचा पहिला तास येतो रवीकडे, म्हणून रविवार. तिथून पुन्हा चोवीस मोजा, सोमवार येतो. कागदावर एकदा करून पाहा, सातही वार अचूक बाहेर पडतात. ग्रहांची ही वाटणी आणि ज्यूंची सातांची मोजणी रोमन जगात एकमेकांत मिसळल्या, आणि शब्बाथ जाऊन बसला शनीच्या दिवशी. हेच ग्रहांचे वार भारतातही रुजले; इथला वाराचा उल्लेख असलेला फार जुना लेख मध्य प्रदेशातल्या एरण इथे आहे. तो बुधगुप्ताच्या काळातला, इसवी सन ४८४ चा, आणि त्यात गुरुवार आहे.

आपल्याकडे शनिवारी गेवराई तालुक्यात, गोदाकाठच्या राक्षसभुवनला शनीवर तेल ओतायला रांग लागते. तिकडे कोकणात त्याच दिवशी तेलाचा घाणा बंद असे. एकाच वाराभोवती तेलाचे असे दोन व्यवहार एका भाषेत नांदले. यामागे कुणाची योजना नव्हती, आणि म्हणूनच मला ते इतकं विलक्षण वाटतं.

शब्बाथला काम करायचं नाही, पण काम म्हणजे काय? इथे ज्यू धर्मशास्त्र कमालीचं बारकाईने बोलतं. वाळवंटात भटकताना बांधलेल्या पवित्र तंबूसाठी जी जी कामं करावी लागली, ती मनाई. मिश्ना या ग्रंथात अशी ३९ मूळ कामं सांगितली आहेत. त्यातली पहिली अकरा वाचताना मराठवाड्यातल्या कुणालाही आपल्या घराचा वर्षभराचा धबडगा दिसेल: पेरणी, नांगरणी, कापणी, पेंढ्या बांधणं, मळणी, उफणणं, निवडणं, दळणं, चाळणं, कणीक मळणं, भाजणं. बियाणं मातीत पडल्यापासून भाकरी तव्यावर येईपर्यंतची ही सगळी वाट. त्यापुढे लोकर कातरण्यापासून शिवण्यापर्यंतची कापडाची वाट, मग लिहिणं आणि खोडणं, बांधणं आणि पाडणं, विस्तव पेटवणं आणि विझवणं, ओझं बाहेर वाहून नेणं. जगातल्या वस्तूंत बदल घडवणारा हात एक दिवस मागे घ्यायचा, हे त्या यादीचं सूत्र आहे. कष्ट किती पडतात याला तिथे महत्त्व नाही. घरातल्या घरात जड पाट सरकवलेला चालतो, काडी ओढलेली चालत नाही.

फळ पिळून रस किंवा तेल काढणं हे या यादीत मळणीच्या पोटात धरतात, कारण दोन्हींत आत दडलेलं बाहेर काढलं जातं. कोकणातल्या तेल्यांजवळ मिश्ना नव्हता. तरी त्यांनी थांबवलं ते नेमकं हेच काम.

आणि घाण्याला बैल असतो. ज्यूंच्या धर्मग्रंथातली, तोरामधली, शब्बाथची आज्ञा घरधन्यापाशी थांबत नाही. नोकर, मोलकरीण, दारी आलेला परका, बैल आणि गाढव यांनाही त्या दिवशी विश्रांती द्यायची असं ती स्पष्ट सांगते. सहा दिवस झापडं लावून गोल फिरणाऱ्या कोकणी बैलाला सातव्या दिवशी मोकळं उभं राहायला मिळत होतं, ते इतक्या जुन्या कायद्यामुळे. आमच्याकडे बैलाचा हक्काचा दिवस पोळ्याचा, वर्षातून एकदा. तिथे तो दर आठवड्याला होता.

हा धागा पुढे कुठवर जातो ते पाहण्यासारखं आहे. ख्रिस्ती लोकांनी विश्रांतीचा दिवस शनिवारवरून रविवारवर आणला. ३२१ साली रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइनने रविवारी न्यायालयं आणि शहरातली कामं बंद ठेवायचा हुकूम काढला. इंग्रजांबरोबर रविवार मुंबईत आला, पण कचेऱ्यांपुरता. गिरणीतल्या मजुराला तो नव्हता. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला, रविवार हा खंडोबाचाही वार आहे असं मांडलं, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. आज बीडमधली शाळकरी मुलं रविवारी सकाळी उशिरापर्यंत लोळतात, त्याची एक मुळी खंडोबाच्या जेजुरीत आहे आणि दुसरी तोरामध्ये.

पण याच जिल्ह्यातून दिवाळीनंतर लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत पहाटे फडात उतरायचं, रात्री-अपरात्री गाडी भरायची. त्यात रविवार नसतो. एक दिवस चुकला की तो खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. आजारी पडलं तरी खाडा, बाईची पाळी असली तरी खाडा. तोराने बैलालासुद्धा दिलेला दिवस एकविसाव्या शतकात आमच्या कोयत्याला नाही, याचा मला संताप येतो. शब्बाथबद्दल वाचताना माझं मन पुन्हा पुन्हा फडात जातं, ते यासाठी.

आता पुन्हा कोकणाकडे. तिथल्या बेने इस्राएल घरांत शुक्रवारची संध्याकाळ कशी येते ते सांगतो. विस्तव पेटवायचा नाही, म्हणून रांधणं आधीच उरकायचं. सूर्यास्तापूर्वी घरातली बाई दिवा लावते. मेणबत्तीची चाल युरोपातली. कोकणात काचेच्या पेल्यात पाणी, त्यावर तेल आणि त्यात वात असा दिवा असे. द्राक्षारसाचा आशीर्वाद म्हणायला द्राक्षं कुठून आणायची? बेने इस्राएलांनी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून शरबत केलं, आणि धर्मशास्त्रालाही ते मान्य आहे. मांसाबरोबर दूध चालत नाही. उत्तरेतल्या ज्यूला हा नियम अवघड जाईल, कोकणातल्याला नारळ मदतीला येतो. मटणाच्या रश्शाला नारळाचं दूध, गोडाच्या पदार्थालाही नारळाचं दूध. नव्या वर्षाला होणारा चिकाचा हलवा गव्हाच्या चिकात नारळाचं दूध घालून आटवतात, तो मांसाच्या जेवणानंतरही निर्धास्त खाता येतो. या स्वयंपाकघराने एका परदेशी कायद्याला नारळात असं मुरवलं, की जेवणाऱ्याला तो कायदा जाणवतही नाही.

सिनॅगॉगमध्ये त्या संध्याकाळी ‘लेखा दोदी’ म्हणतात. सोळाव्या शतकात गालिलातल्या साफेद गावी श्लोमो अल्काबेत्झ यांनी ते रचलं. त्यात शब्बाथ ही नवरी आहे, आणि शेवटच्या कडव्याला सगळे जण वळून दाराकडे तोंड करतात. मराठवाड्यातल्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. भाद्रपदात महालक्ष्म्या उंबरठ्यातून पावलापावलाने आत येतात, तेव्हा आपलंही सगळं घर दाराकडेच वळलेलं असतं.

विसरलेलं पुन्हा मिळवणं फार झपाट्याने झालं. टिपूच्या कैदेतून सुटून आलेल्या सॅम्युएल इझिकेल दिवेकर या सैनिकाने १७९६ मध्ये मुंबईत पहिलं सिनॅगॉग बांधलं. कोचीनच्या ज्यूंनी प्रार्थना शिकवल्या. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं. त्यांना हवे होते ख्रिस्ती, पण त्या पुस्तकाने ज्यूंना त्यांची हिब्रू परत दिली. अलिबागचं मागेन अबोथ हे सिनॅगॉग १८४८ चं. १८८० च्या सुमाराला तर बेने इस्राएलांनी कीर्तनंच सुरू केली. साक्या, दिंड्या, ओव्या, झांजा, सगळा थाट हरदासाचा, आणि आख्यान मोशेचं किंवा दावीदाचं.

१९४८ नंतर यातले बहुतेक इस्राएलला गेले. तिथे साठीच्या दशकात काही धर्मगुरूंनी त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली. या लोकांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला आणि १९६४ मध्ये सरकारला ते सर्व अर्थांनी ज्यू आहेत असं जाहीर करावं लागलं. पोथी, गुरू, भाषा यांतलं काही हाती नसताना ज्यांनी शनिवार सांभाळला, त्यांच्याकडे पुरावा मागावा, हे वाचताना आजही टोचतं.

आता प्रवास उलटा चालू आहे. इस्राएलमध्ये लष्करी सेवा संपली की हजारो तरुण मुलंमुली पाठीवर पिशवी टाकून भारतात येतात: गोवा, हंपी, पुष्कर, हिमाचल. त्यांतल्या कित्येकांचा घरी धर्माशी फारसा संबंध नसतो. पण शुक्रवारी संध्याकाळी ही पांगलेली मुलं एका टेबलाभोवती जमतात. खबाद या पंथाची जोडपी अशा ठिकाणी घर मांडून बसतात आणि शुक्रवारचं जेवण येईल त्याला वाढतात, कोण किती धार्मिक हे न विचारता. मुंबईच्या कुलाब्यातलं नरिमन हाउस असंच घर होतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात तिथे यजमान गाव्रिएल आणि रिव्का होल्ट्झबर्ग आणि त्यांचे पाहुणे मारले गेले. त्यांच्या दोन वर्षांच्या मोशेला कडेवर घेऊन बाहेर पडली ती सांभाळणारी सँड्रा सॅम्युएल. ते घर पुन्हा उघडलं आहे.

कल्पना करू, की अशीच आठ-दहा मुलं सोलापूरकडून वेरूळला निघाली आहेत आणि शुक्रवारी दुपारी बीडमध्ये पोचली. त्यांत कुणी नियम पाळणारं असेल तर गाडी इथेच थांबणार, कारण सूर्यास्तानंतर प्रवास नाही. त्यांना काय लागेल? देऊळ लागत नाही, मूर्ती नाही, पुरोहित नाही. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, पण दिवा, प्याला आणि जेवण यांना एकटा माणूसही पुरतो. दिव्याला कुठलं तेल? मिश्नातल्या चर्चेत तिळाच्या तेलाला नाव घेऊन परवानगी आहे, तेव्हा बाजारातल्या कुठल्याही दुकानात सोय होईल. मनुका किराण्यात मिळतील. अडचण येईल ती भाकरीशी. जेवणाआधीचा पावाचा आशीर्वाद गहू, जव आणि त्यांच्या जवळच्या ठरावीक पाच धान्यांच्या भाकरीवरच म्हणता येतो, आणि त्यात ज्वारी नाही! बीडची टम्म फुगलेली ज्वारीची भाकरी त्यांनी खावी जरूर, पण आशीर्वादासाठी दोन गव्हाच्या पोळ्या ठेवाव्या लागतील. दोनच, कारण तोरातल्या कथेत वाळवंटात आकाशातून मिळणारं अन्न, मान्ना, शुक्रवारी दुप्पट पडायचं.

शनिवारी ती मुलं पायी कंकालेश्वराचं पाण्यातलं देऊळ पाहून येऊ शकतील. गावाच्या हद्दीबाहेर सुमारे एक किलोमीटरपर्यंत चालायची मुभा आहे. रिक्षा नाही, फोन नाही, पैशाचा व्यवहार नाही. संध्याकाळी तीन तारे दिसले की हावदाला, म्हणजे शब्बाथला निरोप: पुन्हा तो मनुकांचा प्याला, अनेक वातींची एकत्र ज्योत आणि हुंगायला सुगंधी मसाला. त्यासाठी लवंग-दालचिनी कुठल्याही मराठी घरातून मागून आणता येईल. मग फोन चालू होतील, हॉटेलचं बिल चुकतं होईल आणि गाडी संभाजीनगरच्या रस्त्याला लागेल. त्या मुलांमधल्या एखादीचं आडनाव पेणकर किंवा चेऊलकर निघालं, तर तिला वेरूळनंतर अलिबागची एस.टी. कुठून मिळते ते जरूर सांगा. तिथल्या इस्राएल आळीत मागेन अबोथ अजून उभं आहे.